घटक ५ : स्थानिक गटांचे लेखनव्यवहार आणि दूरस्थ स्वयंसेवक

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• स्थानिक विकासगटांच्या कामात लेखनाचे स्थान कोणते, ते सांगता येईल.
• दूर राहून इंटरनेटच्या साहाय्याने मदत करणारा स्वयंसेवक कोणती भाषिक कामे करू शकतो, ते स्पष्ट करता येईल.
• बोलीतील कथनाचे प्रमाण मराठीत लेखन करताना अर्थाची हानी कोठे होते, ते ओळखता येईल.
• गटाच्या वतीने लिहिलेल्या मजकुराचे परतवाचन कसे व का करावे, ते सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्जलेखन, इतिवृत्त, अहवाल आणि अनुवाद या व्यावहारिक मराठीच्या अंगांचा परिचय तुम्ही मागील घटकांत करून घेतला आहे. तेथे लिहिणारा आणि ज्याच्यासाठी लिहायचे तो, हे दोघे बहुधा एकाच कार्यालयात किंवा एकाच गावात असतात, असे आपण गृहीत धरले होते. आता परिस्थिती बदलली आहे. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरील महिला बचत गटाचा अर्ज पुण्यात नोकरी करणारी त्याच पाड्यावरची मुलगी रात्री मोबाईलवर लिहून पाठवते. दिंडोरी तालुक्यातील पाणी वापर संस्थेचा जुना हिशेब मुंबईतला एखादा निवृत्त लेखनिक तक्त्यात मांडून देतो. अशा व्यक्तीला या घटकात आपण 'दूरस्थ स्वयंसेवक' म्हणणार आहोत.

तुमच्यापैकी अनेकजण सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत, दुकानांत, शाळांत काम करून हे शिक्षण घेत आहात. आठवड्यातला एखादा तास तुम्ही अशा कामासाठी देऊ शकाल आणि तुमच्याजवळ भाषेचे शिक्षणही आहे. परंतु दुसऱ्याच्या वतीने लिहिणे ही जोखमीची गोष्ट आहे. चांगल्या हेतूने लिहिलेला, शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष असलेला मजकूरही गटाचे नुकसान करू शकतो. ते कसे होते आणि कसे टाळावे, हा या घटकाचा मुख्य विषय आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ स्थानिक गट आणि त्याचे कागद

बचत गट, पाणी वापर संस्था, दूध संस्था, ग्रामसभेची वनहक्क समिती, गावचे वाचनालय हे सारे स्थानिक गट होत. त्यांचे काम प्रत्यक्ष शेतात, पाटावर, अंगणात चालते. पण ते टिकते कागदावर. ठरावबही नसेल तर निर्णय कोणी घेतला हे सांगता येत नाही. इतिवृत्त नसेल तर पुढच्या वर्षी त्याच प्रश्नावर पुन्हा भांडण होते.

नाशिक जिल्ह्यातील एक उदाहरण पाहू. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाच्या, म्हणजे ओझर परिसरातील शेतकऱ्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हते. १९९० च्या दशकाच्या आरंभी समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने तेथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. पाणी मोजून घ्यायचे, पाणीपट्टी स्वतः वसूल करायची आणि आपल्या सभासदांत वाटपाचा क्रम स्वतः ठरवायचा, ही त्यामागची रीत होती. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. राज्याने २००५ साली सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा कायदाही केला.

या व्यवहाराचे कागद डोळ्यांसमोर आणा. कोणत्या चारीला किती पाणी, कोणाची पाळी केव्हा, कोणाची पाणीपट्टी बाकी, कोणता ठराव कोणी मांडला व कोणी अनुमोदन दिले. पाळी, चारी, पाट, पाटकरी, शेजपाळी हे शब्द येथे केवळ शब्द नाहीत. त्या प्रत्येकामागे वाटपाचा एक नियम आहे. बागलाण आणि धुळे भागांत नदीवरच्या बंधाऱ्यांतून पाणी घेण्याची जुनी 'फड' पद्धती आहे. तेथे 'फड' म्हणजे केवळ शेताचा तुकडा नव्हे; एका बंधाऱ्याखाली सर्वांनी मिळून पीक व पाणी ठरवायचे, ही व्यवस्था त्या शब्दात आहे. बाहेरच्या लेखनिकाने 'फड' खोडून 'शेतजमीन' लिहिले, तर शब्द सोपा होतो आणि व्यवस्था नाहीशी होते.

५.२.२ दूरस्थ स्वयंसेवक : संकल्पना आणि व्याप्ती

घरबसल्या संगणकावरून सार्वजनिक कामाला हातभार लावण्याची कल्पना आता नवी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाने २००० सालापासून अशी सेवा उपलब्ध केली आहे. मराठीतही हा अनुभव आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला आणि त्यातील लेख स्वयंसेवकच लिहितात. मराठी विकिस्रोतावर जुन्या ग्रंथांची पाने टंकलिखित करून तपासली जातात. तेथील एक शिस्त आपल्या उपयोगाची आहे : एकाने तपासलेले पान दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा ताडून पाहिल्याखेरीज ते पूर्ण प्रमाणित मानले जात नाही.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण दूरच्या हैती देशातले आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे मोठा भूकंप झाला. अडकलेल्या लोकांनी मोबाईलवरून लघुसंदेश पाठवले; पण ते हैतीच्या क्रेओल भाषेत होते आणि मदतपथकांतील अनेकांना ती येत नव्हती. तेव्हा अन्य देशांत राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी इंटरनेटवरून ते संदेश अनुवादित केले. त्यांना क्रेओल येत होती, एवढ्यानेच काम भागले नसते. संदेशात गल्लीचे, चौकाचे, वस्तीचे जे नाव लोकांच्या तोंडचे असेल ते ओळखून नकाशावर कोठे आहे हे सांगणे, ही त्यांची खरी मदत होती. दूर असलेला माणूस उपयोगी ठरतो तो असा : त्याच्याजवळ वेळ आणि साधन असते, आणि गावाची भाषाही असते. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन अपुऱ्या पडतात.

स्थानिक गटासाठी दूरस्थ स्वयंसेवक साधारणपणे पुढील भाषिक कामे करू शकतो :
१. बैठकीच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त उतरवून घेणे.
२. अर्ज, निवेदन, माहिती अधिकाराचा अर्ज यांचा मसुदा करणे.
३. शासननिर्णय किंवा योजनेचे नियम सोप्या मराठीत अथवा बोलीत समजावून देणे.
४. निधीसाठीच्या प्रस्तावाचा इंग्रजीत अनुवाद करणे.
५. जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेले आणि मोबाईलवर वाचता न येणारे कागद युनिकोडमध्ये आणणे.
६. मुद्रितशोधन.

ही कामे तुकड्यांत विभागता येतात, म्हणून आठवड्याला एक तास देणाऱ्यालाही ती पेलतात. ज्या कामासाठी गटातील कोणाचा आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक लागतो, ते काम मात्र दूरस्थ स्वयंसेवकाने स्वीकारू नये. ते गटानेच, गावातच करावे.

५.२.३ बोलीकडून कागदाकडे : एक नमुना

आता एका कल्पित नमुन्याच्या आधारे मसुदालेखनाचा विचार करू. बचत गटातील एक महिला फोनवर सांगते :

"टँकर दोन दिसांआड येतो. खालच्या आळीपासनं वाटप सुरू होतं. आमच्या वरच्या आळीचा नंबर लागंपर्यंत टाकी रिकामी होऊन जाते."

शहरातील स्वयंसेवक त्यावरून पंचायत समितीसाठी असा अर्ज करतो :

"गावातील नागरिकांना तीव्र पाणीटंचाईचा सामना करावा लागत असून दर दोन दिवसांनी होणारा पाणीपुरवठा अपुरा पडत आहे. तरी टँकरच्या फेऱ्या वाढवण्यात याव्यात, ही विनंती."

हा मजकूर शुद्ध आहे, सफाईदार आहे आणि चुकीचा आहे. त्यातील तीन चुका पाहा.

पहिली चूक काळाची. 'दोन दिवसांआड' म्हणजे मध्ये दोन दिवस सोडून, अर्थात दर तिसऱ्या दिवशी. 'दर दोन दिवसांनी' लिहिल्यामुळे अर्थ बदलला. चौकशीत टँकरची नोंदवही पाहिली गेली, तर अर्जदार खोटे बोलतात असा निष्कर्ष निघेल.

दुसरी चूक कारणाची. महिलेने टंचाई सांगितली नव्हती, वाटपाचा क्रम सांगितला होता. 'पाणीपुरवठा अपुरा पडत आहे' या वाक्यात आळीही नाहीत आणि क्रमही नाही. मराठीच्या औपचारिक शैलीत 'केले जाते', 'होत आहे', 'करण्यात येते' अशा रचनांची सवय फार आहे. त्यांत कृती उरते, करणारा नाहीसा होतो. यास आपण 'कर्तृलोप' म्हणू. कधी कधी तो आवश्यक असतो; पण गाऱ्हाण्याच्या अर्जात कोण, कोठे आणि कोणत्या क्रमाने हे गेले, तर गाऱ्हाणेच उरत नाही.

तिसरी चूक मागणीची. फेऱ्या वाढल्या, तरी प्रत्येक फेरी खालच्या आळीपासूनच सुरू होईल. वरच्या आळीची अडचण तशीच राहील आणि कागदोपत्री मात्र मागणी पूर्ण झालेली असेल.

आता योग्य मसुदा पाहा :

"आमच्या गावात टँकर दोन दिवसांआड, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी येतो. वाटप नेहमी खालच्या आळीपासून सुरू होते. वरच्या आळीतील घरांची पाळी येण्यापूर्वी पाणी संपते. तरी एका खेपेस खालच्या व पुढच्या खेपेस वरच्या आळीपासून वाटप सुरू करावे, ही विनंती."

यातील शेवटचे वाक्य मूळ कथनात नव्हते. स्वयंसेवकाने ते अंदाजाने लिहिलेले नाही. 'मग काय केले तर तुमची अडचण सुटेल?' असे विचारून ते घेतले आहे. मसुदालेखनात विचारलेला प्रश्न हा लिहिलेल्या वाक्याइतकाच महत्त्वाचा असतो.

५.२.४ 'आम्ही', 'आपण' आणि 'लाभार्थी'

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' या रूपातून ऐकणारा वगळला जातो. त्यास व्यावर्तक रूप म्हणतात. 'आपण' या रूपात ऐकणाराही येतो. त्यास समावेशक रूप म्हणतात. इंग्रजीत हा भेद एका शब्दात दाखवता येत नाही. कार्यालयाला लिहिताना 'आम्ही' योग्य, कारण अधिकारी गटाचा भाग नसतो. गावासाठी पत्रक लिहिताना 'आपण' योग्य, कारण वाचणारा त्याच गावचा असतो. पत्रकात 'आम्ही पाणी जपून वापरण्याचे आवाहन करतो' असे लिहिले, की गट आणि गाव यांच्यात भिंत उभी राहते. 'आपण पाणी जपून वापरू' म्हटले, की ती राहत नाही.

दूरस्थ स्वयंसेवकाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न येतो. तो स्वतः या 'आम्ही'त आहे काय? मसुदा त्याचा असला तरी सही गटाची आहे. म्हणून त्याची मते, त्याचा राग, त्याला आवडणारे शब्द यांना त्या 'आम्ही'त जागा नाही.

अनुवादात हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. तिच्यासाठीचे प्रस्ताव पुष्कळदा इंग्रजीत मागितले जातात. त्यात बचत गटातील महिलांना 'लाभार्थी' या अर्थाचा इंग्रजी शब्द लावला जातो आणि मग तोच मराठी अहवालात परततो. दरमहा स्वतःची बचत भरणारी, कर्जाचा निर्णय घेणारी बाई ही 'सभासद' आहे. 'लाभार्थी' घेतो, 'सभासद' ठरवतो. प्रस्ताव मंजूर होण्यासाठी हा शब्द बदलावा असे कोणी सुचवले, तर निर्णय गटाने घ्यावा, अनुवादकाने नव्हे.

५.२.५ साक्ष नोंदवणे

काही वेळा एका वाक्यावर जमीन अवलंबून असते. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ नुसार वनजमिनीवरील हक्काचे दावे ठरवण्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. या कायद्याच्या नियमांतील नियम १३ प्रमाणे दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी नोंदवलेले कथन हाही एक पुरावा आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातही वनजमिनीचे दावे ही प्रमुख मागणी होती. यावरून या कागदांचे मोल ध्यानात येईल.

सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत कोकणा ही भाषा बोलली जाते. गोव्याच्या कोकणीशी तिचा घोटाळा करू नये. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून महाराष्ट्रातील अशा भाषांची ओळख होते. समजा, एक वृद्ध सांगतो (हा नमुनाही कल्पित आहे) : 'बहात्तरच्या दुष्काळाआधी माझा बाप उंबरापासून ओहोळापर्यंत नागली करत होता.' शहरी स्वयंसेवक लिहितो : 'आम्ही अनेक वर्षांपासून सदर जमीन कसत आहोत.' या एका वाक्यात काळ गेला, पिढी गेली, पीक गेले आणि चतुःसीमाही गेली. उंबर व ओहोळ या त्या माणसाच्या सीमाखुणा आहेत. १९७२ चा दुष्काळ हे त्याचे पंचांग आहे. लेखनिकाने त्याचे शब्द तसेच ठेवावेत. स्पष्टीकरण हवे असेल तर ते कंसात किंवा खाली वेगळे द्यावे आणि ते लेखनिकाचे आहे हे दिसू द्यावे.

५.२.६ नाव आणि श्रेय

जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गरीब डोंगरी संघटनेशी जोडलेल्या कामातून, खेड्यांतील महिलांच्या सहभागाने, लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी', म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकजीवनाचा संग्रह करणाऱ्या संस्थेने, या ओव्या ध्वनिमुद्रण, मराठी पाठ आणि अनुवाद यांसह प्रकाशित करण्यास आरंभ केला. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. अनुवाद करणारे दूर असतील, अनेक असतील. परंतु ओवी कोणाची, याबद्दल संदेह राहत नाही. गटाच्या अहवालातही हेच तत्त्व पाळावे. 'एका महिलेने सांगितले' असे लिहिण्यापूर्वी तिला नाव द्यावयाचे आहे काय, हे तिलाच विचारावे. तिने नको म्हटले, तर नाव द्यायचे नाही. हाही तिचाच अधिकार आहे.

५.२.७ परतवाचन

वरील सर्व दोषांवर एक साधा उपाय आपल्या प्रशासकीय मराठीतच आहे. जबाब नोंदवून झाल्यावर शेवटी लिहिण्याची जुनी पद्धत आठवा : जबाब वाचून दाखवला, तो सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. आज हे वाक्य पुष्कळदा न वाचताच लिहिले जाते. दूरस्थ स्वयंसेवकाने ते खरे करून दाखवावे. त्याची पद्धत अशी :

१. मसुदा लिखित स्वरूपात पाठवण्याबरोबरच स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रण पाठवावे. गटातील सर्वांना वाचता येतेच असे नाही. ऐकता सर्वांना येते.
२. ध्वनिमुद्रण गटाच्या बैठकीत सर्वांसमोर ऐकवले जावे. केवळ अध्यक्षांची संमती पुरेशी मानू नये.
३. 'बरोबर आहे ना?' असे विचारू नये. त्याला उत्तर 'हो' असेच येते. 'यात काय राहिले? कोणते वाक्य तुम्ही असे म्हणणार नाही?' असे विचारावे.
४. सुचवलेला बदल त्याच शब्दांत करावा आणि दुसऱ्या स्वयंसेवकाकडून एकदा ताडून घ्यावा.
५. अंतिम प्रत, मूळ ध्वनिमुद्रण आणि युनिकोडमधील मजकूर गटाच्या ताब्यात द्यावा. तुम्ही उद्या उपलब्ध नसाल, तरी गटाचे काम अडता कामा नये.

या पद्धतीने वेळ अधिक लागतो, अशी शंका येईल. एक अर्ज दोन दिवस उशिरा जाईल, हे खरे. परंतु न मागितलेली गोष्ट मंजूर झाल्यावर ती दुरुस्त करण्यास किती महिने लागतात, याचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. शिवाय दोन-चार वेळा परतवाचन झाले, की गटातील एखादी सभासद स्वतःच म्हणते, 'हे वाक्य मी सांगते, तुम्ही फक्त उतरवा.' आणखी काही महिन्यांनी ती स्वतः लिहू लागते. दूरस्थ स्वयंसेवकाचे काम सफल झाल्याची याहून चांगली खूण नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'दोन दिवसांआड' आणि 'दर दोन दिवसांनी' यांत कोणता फरक आहे?
२. गावासाठीच्या पत्रकात 'आम्ही' ऐवजी 'आपण' का वापरावे?
३. वनहक्क दाव्यातील वडीलधाऱ्यांचे कथन नोंदवताना सीमाखुणांचे मूळ शब्द का ठेवावेत?

५.३ सारांश

स्थानिक गटाचे काम कागदावर टिकते आणि त्या कागदाची भाषा दूरस्थ स्वयंसेवक सावरू शकतो. परंतु सफाईदार प्रमाण भाषेत काळ, कर्ता, क्रम, स्थळ आणि नाव हरवण्याचा धोका असतो. तसे झाल्यास मागणी, निधी आणि प्रसंगी जमीनही हातची जाऊ शकते. म्हणून मूळ शब्द जपणे, अंदाज न करता विचारणे आणि परतवाचन करणे या तीन गोष्टी अनिवार्य होत. लेखणी स्वयंसेवकाची असली, तरी म्हणणे गटाचे असते.

५.४ पारिभाषिक शब्द

इतिवृत्त : बैठकीतील चर्चा व निर्णयांची नोंद.
कर्तृलोप : वाक्यातून कृती करणाऱ्याचा उल्लेख नाहीसा होणे.
चतुःसीमा : जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी.
परतवाचन : लिहिलेला मजकूर मूळ सांगणाऱ्याला वाचून दाखवून दुरुस्त करून घेणे.
शेजपाळी : कालव्याचे पाणी लगतच्या शेतांना क्रमाने देण्याची पद्धत.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. पहिल्यात मध्ये दोन दिवस सुटतात, म्हणजे गोष्ट दर तिसऱ्या दिवशी घडते. दुसऱ्यात मध्ये एकच दिवस सुटतो.
२. 'आपण' हे समावेशक रूप असल्यामुळे वाचणारा गावकरी त्यात सामावतो. 'आम्ही' मुळे तो बाहेर राहतो.
३. त्या खुणांवरूनच जमीन प्रत्यक्ष ओळखता येते आणि कथन पुरावा म्हणून उपयोगी पडते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय व उपक्रम

१. 'शुद्ध मजकूरही चुकीचा असू शकतो.' या विधानाचे घटकातील नमुन्याच्या आधारे सोदाहरण विवेचन करा.
२. 'लाभार्थी' आणि 'सभासद' या शब्दांतील अर्थभेद तुमच्या परिसरातील एखाद्या गटाच्या संदर्भात स्पष्ट करा.
३. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या गटाच्या सभासदाचे एका अडचणीविषयीचे कथन, तिच्या अथवा त्याच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करा. त्यावरून अर्जाचा मसुदा करा आणि परतवाचन करा. परतवाचनापूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही मसुदे शेजारी मांडून, कोणते शब्द बदलले आणि त्यामुळे अर्थ कसा बदलला, हे सुमारे ३०० शब्दांत लिहा. अंतिम मसुदा प्रथम त्या गटाला द्या. अभ्यासकेंद्रावर त्याची प्रत सादर करण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या.